बिनबॉलची मॅच

दोन हजार पाच साल. मी तेव्हा एक्कावन्न वर्षांचा होतो, आणि जवानीपासून दर दिवाळीला एकदा, अख्ख्या गावासमोर, आऊट होत आलो होतो. आऊट देणारा माणूस एकच. त्याचीच ही गोष्ट.

शिक्षण माझं तिसरीपर्यंत. चौथीत मास्तरनं बिनकारणाचा कान धरला म्हणून मी पाटी तिथंच टाकून घरी आलो. अजून आणायला गेलो नाही. तेव्हा लिहिण्यात चुका असतील तर असू द्या. सांगण्यात नाहीत.

त्याला सगळे अंपायर म्हणत. राळेगावच्या बाजूला आमचं गाव, गावाच्या कडेला कापसाची जिनिंग, आणि तिथं तो प्रेसचा फिटर. रुई दाबून तिच्या गठाणी बांधते ती मशीन म्हणजे प्रेस. त्या गठाणी मी उचलायचो. माझ्यापेक्षा दहाएक वर्षांनी मोठा, म्हणून मी त्याला भाऊ म्हणायचो. अंगानं पऱ्हाटीसारखा, म्हणजे कापूस वेचून झाल्यावर उभी राहते ना काडी, तसा. कानाशी कायम एक ट्रान्झिस्टर. जिनिंग चालू असली की आवाज असा की शेजारी बॉम्ब फुटला तरी माणूस विचारील, काही पडलं का? त्या आवाजात तो ट्रान्झिस्टर ऐकायचा कसा, हे मला कधी कळलं नाही. मी विचारलं तर म्हणायचा, "कानानं नाही ऐकत बावा, गालाच्या हाडानं ऐकतो."

स्कोर सांगायचा तर आवाज पोचायचा नाही. म्हणून तो प्रेसच्या ओट्यावर चढून अंपायरसारख्या खुणा करायचा. चौका लागला की हात हलवायचा, छक्का लागला की दोन्ही हात वर, विकेट गेली की बोट. रेच्यावर, म्हणजे सरकी वेगळी काढणाऱ्या मशीनवर, कापूस टाकणाऱ्या बाया, ज्यांनी बॅट कधी हातात धरली नाही, त्या सगळ्या खुणा शिकल्या. आणि शिकलेली गोष्ट बाया वाया जाऊ देत नाहीत. दोन्ही हात आडवे पसरले, म्हणजे वाइड, तर समजायचं की मुकादम येऊन राहिला, तंबाखू थुंका. गुडघ्यावर हात मारला, लेगबाय, म्हणजे आज माझे गुडघे दुखतात, माझ्या वाटचं टोपलं तू उचल. आमची कारभारीणही रेच्यावरच होती. तिनं हे शास्त्र घरापर्यंत आणलं. माझा साळा उसने मागायला येताना दिसला की मीच दारातून तिला वाइड दाखवायचो, आणि ती मला बोट दाखवून सैपाकघरात जायची. सासू मरेपर्यंत विचारत होती की, तुमी दोघं मुके झाले काय?

त्याचा एक कायदा होता. क्रिकेटवाल्या कोण्याही माणसाचं नाव घ्यायचं नाही. आपल्या देशाच्या टीमच्या एकाही खेळाडूचं नाव मी त्याच्या तोंडून ऐकलं नाही. मी एकदा चहाच्या टपरीवर एका बॅट्समनचं नाव घेतलं तर तो चहा अर्धा टाकून उठला.

"काहून भाऊ?"

"नाव घेतलं का माणूस देव होते. देव झाला का मंग थो आऊट झालेला लोकायले खपत नाही. टीव्ही फोडतात. नंबर सांग. एक नंबर, दोन नंबर, तीन नंबर."

नंबर नाही तर मग कापूस. खेळाडू मोजायची त्याची रीत कापसाची होती. चिमटीत कापूस घेऊन दोन्ही अंगठ्यांनी धागा ओढून पाहतात, तसा तो माणूस ओढून पाहायचा. दिवसभर उभा राहून खेळणारा ओपनर म्हणजे लांब धाग्याचा. आला, चार चौके मारले, गेला, तो आखूड धाग्याचा. "वाईट नाही थो, पण त्याचं लुगडं नाही होत, वात होते." ज्याला बॅटिंगही येते आणि बॉलिंगही, तो सरकी. "सरकीचं तेल निघते, ढेप निघते, अन् उरली त पेरता येते." आणि जो सेट होऊन उगाच विकेट फेकतो तो कवडी, म्हणजे किडीचा डाग पडलेला पिवळा कापूस. तो भाव करायच्याही लायकीचा नाही.

टीमचा इतिहास तो पोथी सांगावी तसा सांगायचा. दुपारची भाकर खाऊन झाली की आम्ही गठाणींना पाठ टेकवायचो आणि तो सुरू व्हायचा. "आपल्या टीमनं पहिले लई वर्षं निस्तं हारायचं काम केलं. मंग ड्रॉ कराले शिकली. मंग कुठी जिंकाले लागली. आंब्याची कोय लावली का लगेच पाड खाते का कोणी?" चार फिरकीवाल्यांच्या काळावर आला की त्याचा आवाज उतरायचा. "थे बॉल नव्हते टाकत गड्या, सूत कातत होते." आणि दूरच्या बेटांवरचे ते उंच बॉलर, आणि त्यांच्यासमोर आपला ठेंगणा एक नंबर, डोक्यावर नुसती टोपी! हे सांगताना तो उठून उभा राहायचा, बॉल कानाजवळून गेल्यासारखी मान वळवायचा, आणि आम्हीही गठाणींच्या आड खाली वाकायचो. एकदा मुकादमही वाकला. नंतर म्हणाला, मी चप्पल पाहत होतो.

खरोखरची अंपायरिंग त्यानं आयुष्यात एकदाच केली. राळेगावला टेनिस बॉलची टुर्नामेंट होती, तिथं अंपायर आला नाही म्हणून लोकांनी याला उभं केलं. यानं पहिल्याच बॉलला, जो माणूस टुर्नामेंट भरवत होता, त्यालाच पायचीत दिलं. तो म्हणाला, टेनिस बॉलच्या मॅचमध्ये पायचीत नसते. हा म्हणाला, "पाय असते ना?" मारामारी झाली नाही, पण त्यांनी याला उचलून ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत घातलं आणि गावाच्या वेशीवर आणून सोडलं. मी पाहिलं आहे, ट्रॉली नदीच्या पुलावरून येताना हा आत सरळ उभा होता आणि बोट तेव्हाही वर होतं.

बायको लवकर गेली. एकच पोरगी. तिला त्यानं नर्सचं शिकवलं, नागपूरला नोकरी लागली. तिला पाहायला पाहुणे आले तेव्हा सगळ्यांसमोर त्यानं पोराला विचारलं, "फॉलोऑन कवा देतात?" पोरगं घामाघूम. म्हणालं, "मले नाही माहीत जी." पाहुण्यांची तोंडं उतरली. हा उठला आणि पोराच्या तोंडात साखर घातली. "ठरलं लग्न. खोटं बोलला नाही."

आता दंडारीचं सांगतो, कारण माझा आणि त्याचा खरा संबंध तिथला.

आमच्याकडं दिवाळीत दंडार होते. ढोलकी, झांज, नाच, सोंगं. राजा येतो, राक्षस येतो, गाऊन नाचून गोष्ट सांगतात. सोंग बापाकडून पोराकडं येतं. माझा बाप राक्षस व्हायचा. राक्षस सगळ्यात शेवटी मरतो, म्हणून आमच्या घराचा मान शेवटचा. हा अंपायर जिनिंगमध्ये लागला आणि दोनचार वर्षांत त्यानं दंडारीचा ताबा घेतला. राजा काढला, प्रधान काढला, आणि आपल्या देशाच्या टीमची एक मॅच लावली. थोडक्यात हरलेली मॅच. कोणत्या सालची ते त्यानं कधी सांगितलं नाही. ती त्यानं ट्रान्झिस्टरवर बॉल न बॉल ऐकली होती, आणि बॉल न बॉल तशीच ती नाचून दाखवायची, जिनिंगच्या अंगणात, दिवसाउजेडी. म्हातारे चिडले, दंडार कधी उन्हात होते काय? हा म्हणाला, टेस्ट मॅच कधी कंदिलात होते काय?

मी राक्षसाचा पोरगा, म्हणून शेवटी मरायचं काम माझं. अकरा नंबर. तेव्हापासून तो मला अकराच म्हणायचा, बाजारातसुद्धा. "अकरा, वांगे कसे दिले बे?" माझी बायको अकराची बायको, माझा बैल अकराचा बैल.

आता परदेशी टीम कुठून आणायची? दिवाळीत गावात जावई आलेलेच असतात. मग परदेशी टीम जावयांची. ते बाहेरगावचे, त्यांना मान द्यावा लागतो, आणि काही झालं तरी जिंकतात तेच. यात कोणालाच काही खटकलं नाही.

पहिल्या वर्षी बॉल होता, रुई दाबून वरून चिंधी शिवलेला. तो एका जावयाच्या कपाळावर बसला. जावई रुसला, जेवला नाही, पोळ्या तशाच राहिल्या, आणि सासऱ्यानं अंपायरला शिव्या घातल्या. तेव्हापासून बॉल बंद. तसाही दंडारीत राजाला घोडा कुठं असतो? नुसता उडत येतो, आणि आपल्याला घोडा दिसतोच. बॉलर नाचत धावत यायचा, बॅट फिरली की ढोलकीवर थाप पडायची, आणि थाप जशी असेल तसा बॉल गेला असं समजायचं. पऱ्हाट्यांचे स्टम्प, पायाला पऱ्हाट्याच सुतळीनं बांधलेल्या, तेच पॅड. अंपायरचा कोट गठाणीवरच्या पांढऱ्या कापडाचा, पाठीवर प्रेसचा काळा शिक्का तसाच.

माझं काम एवढंच. शेवटी यायचं, थोडं झगडायचं, मग एक उंच फटका मारायचा. ढोलकी थांबायची. भिंतीजवळचा जावई हात वर करून मागं मागं जायचा आणि कॅच घ्यायचा. झांज वाजायची. अंपायरचं बोट. मी आऊट, देश हरला, लोक डोळे पुसत फराळाला.

टीमनं मोठा कप जिंकला त्या वर्षी सगळं गाव म्हणालं, आता कपाची दंडार करा. अंपायर ऐकेना. "जिंकल्याची कायले? थे त सगळे आपोआप नाचून राह्यले. हारल्याची गोष्ट सांगाले माणूस लागते."

आणि दुसरा कायदा. मॅच चालू असताना कोणी मैदान सोडायचं नाही. एकदा चौथ्या नंबराच्या गायीला वासरू होत होतं आणि निरोप आला, तरी त्याला जाऊ दिलं नाही. "तुले अजून कोणी आऊट दिलं का? नाही ना? मंग उभा राह्य." गाय बरी होती. पण त्या वर्षांत आजूबाजूच्या गावांतून ज्या बातम्या येत होत्या त्या सगळ्यांना माहीत आहेत. कोणी शेतकरी औषध पिऊन गेल्याचं कळलं की तो दिवसभर ट्रान्झिस्टर बंद ठेवायचा. संध्याकाळी एवढंच म्हणायचा, "बोट वर झालं नव्हतं ना लेका. कोण जाय म्हणलं तुले?" त्याला तो कायदा नुसता खेळाचा नव्हता.

त्या दोन हजार पाचच्या दिवाळीला जिनिंग सुरूच झाली नाही. कापसाला भाव नव्हता, बैलबंड्यांची रांग लागली नाही, मशीनचे पट्टे चढले नाहीत. मालकानं जागा प्लॉट पाडायला विकली. अंगणात गाजरगवत माजलं होतं ते आम्ही दंडारीपुरतं कापलं. मॅचच्या दिवशी सकाळी टपरीवर अंपायर सहज म्हणाला, "अकरा, ही शेवटची. मॅच संपली का उद्या सकाळच्या यष्टीनं चाललो मी. पोरगी न्याले आली नागपूरहून."

"कायले?"

"कायले म्हणजे? खोली जिनिंगची. जिनिंग गेली."

"माह्या घरी राहा."

"नाइट वॉचमन एका रातीचा असते बे. बारा महिने नाही."

"परत कवा येसान?"

त्यानं बशीतला चहा फुंकला.

मी कोणाच्या पाया पडणारा माणूस नाही. राहा म्हणून मी एकदा म्हटलं, दोनदा म्हणणार नव्हतो. पण दुपारभर, पहिले नऊ जण एकेक आऊट होऊन नाचत परत येत होते तेव्हा, माझ्या डोक्यात एकच गोष्ट फिरत होती. मॅच संपली की हा जातो. आणि मॅच संपते ती माझ्यावर.

मी आत गेलो. दहा नंबरच्या माणसानं माझ्या पाठीवर थाप दिली. अंपायर समोर उभा, पांढरा कोट, ऊन डोळ्यांवर येत होतं म्हणून हाताचा आडोसा धरलेला, तोंडानं कॉमेंटरी चालू. "अकरा नंबर आला आहे. देशाची इज्जत याच्या हाती आहे. याचे हात पाहा अन् इज्जतीचं काय थे समजून घ्या." दरवर्षीचं वाक्य. दरवर्षीसारखे लोक हसले.

भिंतीजवळ त्या वर्षी कोण होता? माझाच जावई. नवा. पहिली दिवाळी. दारव्ह्याचा पोरगा, बिचारा मऊ, माझ्या बायकोसमोर पाणी मागायलाही लाजायचा. मी त्याला काही शिकवलं नव्हतं. हे लोक अजूनही मानत नाहीत, पण नव्हतं.

बॉलर आला. मी डोळे मिटले आणि बॅट फिरवली ती अशी की पायाचं पऱ्हाटीचं पॅड सुटून दहा नंबरला लागलं. ढोलकीवाल्यानं आयुष्यात तशी थाप मारली नसेल, त्यालाही कळलं नाही का मारली.

सगळ्या गावाच्या माना वर झाल्या. बाया, म्हातारे, जावई, कुंपणावर बसलेले. माना वर गेल्या आणि हळूहळू फिरत गेल्या, बॉल जातो तशा, प्रेसच्या पत्र्यावरून, लिंबावरून, भिंतीकडं. माझा जावई मागं मागं गेला. भिंतीला टेकला. हात वर. मग टाचा वर. मग भिंतीवर चढून पलीकडं पाहिलं. आणि तिथूनच ओरडला,

"मामाजी, गेला!"

मग जो गोंधळ झाला! टोप्या उडाल्या. माझी बायको दोन्ही हात वर करून उभी होती, छक्का. एक म्हातारी म्हणाली, "जवायानं पहिल्या दिवाळीची आंगठी वाचोली आपली!" देश जिंकला होता. इतक्या वर्षांनी.

अंपायरनं ना हात वर केले ना बोट. तो चालत भिंतीपर्यंत गेला. जावयाला विचारलं, "कुठी पडला?"

"तिकडं जी. गाजरगवतात."

"पडताना पाह्यला?"

"पाह्यला ना जी."

अंपायरनं भिंतीवरून हात फिरवला. मग माझ्याकडं वळला. मला वाटलं आता ट्रॉलीतल्यासारखं बोट वर होते. पण तो माणूस खोटं करणारा नव्हता. त्यानंही बॉल जाताना पाहिला होता. दुसरीकडं, ट्रान्झिस्टरवर तो कॅच झाला होता, हेही त्याला माहीत होतं. त्याच्या तोंडावर ते दोन्ही दिसत होतं.

शेवटी म्हणाला, "बॉल आणा."

कोणी हसलं नाही. आठदहा माणसं भिंतीवरून पलीकडं उतरली आणि गवत हलवून हलवून शोधू लागली. एकमेकांना ओरडून सांगत होते, तिकडं पाह्य, बाभळीखाली पाह्य. उजेड गेला तरी शोधत होते. शेवटी परत आले, हातापायाला कुसळं. "नाही सापडत अंपायर."

त्यानं पऱ्हाट्यांवरच्या दोन काड्या उचलून कोटाच्या खिशात टाकल्या. "उजेड नाही. खेळ थांबला. उद्या सकाळी पुढं."

"मंग यष्टी?" मी विचारलं.

"मॅच चालू आहे ना बे. मी कसा जाऊ?"

मी घरी गेलो तो छाती फुगवून. बायकोनं अनारसे काढले. जावयाला मी स्वतः पाट मांडून दिला. तेवढ्यात दारात अंपायरची पोरगी उभी. डोळे लाल.

"काका, हे काय करून ठेवलं तुमी?"

"काय केलं? छक्का मारला."

"बाबा येत नाही म्हणून राह्यले. मॅच संपली नाही म्हणे."

"मंग राहू दे ना. मी हाओ, तुही काकू हाये."

ती खाली बसली. "काका, उद्या दुपारी त्यायले दवाखान्यात भरती कराचं हाये. एका डोळ्यानं दिसणं केवाचंच गेलं. दुसऱ्याचंही जाऊन राह्यलं. लई मुश्किलीनं नंबर लावला मी डॉक्टरकडं. उद्याचा चुकला त पुढचा कवा, अन् तोवर डोळा राह्यते का नाही, कोण सांगते?"

मी बायकोकडं पाहिलं. तिलाही ठाऊक नव्हतं.

"आमाले काहून नाही सांगितलं त्यानं?"

"अंपायरच्या डोळ्याले कोणी नाव ठेवलं त? म्हणून."

जे तोंडात आलं ते बोललो. "मंग त्याले बॉल कसा दिसला?"

"काका," ती म्हणाली, "बॉल होता का?"

ती गेल्यावर बायकोनं अनारशांचं ताट माझ्यासमोरून उचललं. आणि बोट वर केलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी चहाच्या आधी मी जावयाला उठवलं. सायकल घेतली. वाटेत त्याला सांगितलं, "जवाईबापू, काल कॅच तुमी घेतला होता."

"मी? मामाजी, मी त—"

"घेतला होता."

"हो मामाजी."

अंपायर अंगणात आधीच उभा होता. कोट घातलेला, स्टम्प लावलेले, काड्या वर ठेवलेल्या. खोलीच्या दारात पत्र्याची पेटी बांधून ठेवलेली आणि तिच्याजवळ पोरगी. आम्ही अगदी जवळ गेलो तेव्हा त्यानं ओळखलं.

"पॅड कुठी हाय बे अकरा?"

"पॅड नाही लागत. मी आऊट आहो. कॅच झाला होता."

"भितीपलीकडं गेला थो. मी पाह्यला."

"जवायाले विचारा."

जावई पुढं झाला. "घेतला होता जी कॅच. भितीले टेकून घेतला. एका हातानं घेतला. मंग पडता पडता—"

"बस," मी म्हटलं.

"मंग काल गेला काहून म्हणाला?" अंपायरनं विचारलं.

जावयानं मान खाली घातली. "मामाजी होते ना जी समोर. पहिली दिवाळी माही."

अंपायरला हसू आलं, पण त्यानं ते दाबलं. मग माझ्यासमोर आला, अगदी नाकाशी नाक, आणि माझ्या तोंडात त्याला काही दिसतं का ते शोधू लागला.

"अकरा. तू सांग. कॅच होता?"

माझा छक्का होता. आजही सांगतो, भिंतीपलीकडं गेला होता, स्वच्छ, लिंबाच्या वरून. पण मी म्हटलं, "होता भाऊ. द्या लवकर, यष्टी चुकीन."

तो मागं सरकला. आपल्या जागेवर गेला, स्टम्पांच्या मागं, कोट सारखा केला. आणि बोट वर केलं. जसं दरवर्षी, तसंच, सरळ. पोरीनं तोंडाला पदर लावला.

पेटी मी सायकलच्या कॅरिअरवर बांधली. स्टँडपर्यंत तो कॅरिअरला हात धरून चालला, रस्ता दिसत नव्हता हे मी समजलो आणि तो समजला की मी समजलो. गाडी आली. खिडकीत बसून म्हणाला, "पुढच्या खेपेला खाली मार बे. उंच मारून मारून देश हारवला तू." मी म्हटलं, आधी डोळे आणा, मग शिकवा. गाडी गेली.

जावई म्हणाला, "चला मामाजी, चहा राह्यला."

"तुमी व्हा पुढं," मी म्हटलं.

मी सायकल घेऊन जिनिंगच्या मागच्या अंगानं गेलो. गाजरगवत कमरेएवढं होतं, त्यावर दहिवर तसंच. सायकल भिंतीला टेकवली, धोतर वर खोचलं, आणि बाभळीपासून सुरुवात करून शोधायला लागलो.